गाडीला ‘सरळ’ शिकवताना: स्टेअरिंग अँगल सेन्सरचे घरच्या घरी कॅलिब्रेशन

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गाडीचा डावीकडचा टाय रॉड एंड, म्हणजे पुढचे चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक, बदलून घेतला, सोबत अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचे पिवळे चिन्ह पेटले. गाडी परत त्याच दुकानात नेली. कारागिराने स्टेअरिंग डोळ्यांना सरळ दिसेल असे धरले, स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायचे उपकरण, लावून स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य नव्याने नोंदवला आणि दिवा विझला. ‘भाऊ, लाइट तं गेला नं, आता काय राहिलं?’ असे तो म्हणाला आणि मलाही ते पटले. चार दिवसांनी नागपूरच्या आउटर रिंग रोडवरच्या एका लांब वळणावर ब्रेकवर पाय नसताना एका चाकाला क्षणभर ब्रेक लागल्याची थरथर जाणवली आणि तेच चिन्ह पुन्हा पेटले. घरी येऊन मोजले तेव्हा कळले, की स्टेअरिंग सात अंश उजवीकडे धरले तरच गाडी सरळ चालत होती. बिघाड चाकांमध्ये होता आणि दुरुस्ती मात्र स्कॅनरवर झाली होती. त्यानंतर हे काम मी स्वतः पायरीपायरीने शिकलो आणि ज्या क्रमाने ते करावे असे मला वाटते त्याच क्रमाने येथे मांडत आहे.

सेन्सर नेमके काय करतो

स्टेअरिंग अँगल सेन्सर बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगच्या मागे, कॉलमवर, क्लॉक स्प्रिंगजवळ (स्टेअरिंग फिरतानाही एअरबॅगची वायर जोडलेली ठेवणाऱ्या भागाजवळ) बसवलेला असतो. काही गाड्यांत तो इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या युनिटमध्येच असतो. स्टेअरिंग मधल्या स्थितीपासून किती अंश आणि कोणत्या दिशेने फिरले आहे, हे तो सतत मोजत असतो. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण अडीच ते साडेतीन फेरे फिरते. त्यामुळे आपण कितव्या फेऱ्यात आहोत हेही सेन्सरला कळावे लागते. एका प्रचलित रचनेत कॉलमवरच्या मोठ्या गिअरला दोन लहान गिअर जोडलेले असतात, त्यांच्या दात्यांची संख्या किंचित वेगळी ठेवलेली असते आणि प्रत्येकात एक चुंबक असतो. दोन्ही चुंबकांच्या कोनांतल्या फरकावरून स्टेअरिंगची नेमकी जागा काढली जाते. असा सेन्सर अंशाच्या दहाव्या भागाएवढा बदलही टिपू शकतो.

हा आकडा सर्वांत आधी लागतो तो ईएससीला, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून गरजेच्या चाकालाच ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला. १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत ही यंत्रणा आली तेव्हा ती महागड्या गाड्यांपुरतीच होती. आता २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ईएससी लागतेच, त्यामुळे लहान गाड्यांतही हा सेन्सर सर्रास दिसतो. चालकाला कुठे जायचे आहे हे ईएससी स्टेअरिंगच्या कोनावरून ओळखते, गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे हे यॉ सेन्सरवरून ओळखते आणि दोन्हींचा मेळ बसला नाही की हस्तक्षेप करते. स्टेअरिंग आणि चाके यांचे प्रमाण साधारण १५ ते १६ पट असते. म्हणजे स्टेअरिंगवरचे सात अंश चाकाच्या जागी अर्ध्या अंशाच्याही आतच राहतात. डोळ्याला हा फरक दिसत नाही. ईएससीच्या गणितात मात्र सरळ रस्त्यावर चालक सतत वळू पाहत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून कॅलिब्रेशन म्हणजे दिवा विझवणे नव्हे. ‘हीच सरळ दिशा’ असे आपण गाडीला सांगतो आणि पुढचा प्रत्येक हिशेब गाडी त्या सांगण्यावर विश्वास ठेवून करते. सरळ दिशा कोणती हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर स्कॅनरला हात लावू नये.

गरज आहे की नाही, हे आधी ठरवा

अलाइनमेंट, टाय रॉड, रॅक (स्टेअरिंगचे फिरणे टाय रॉडपर्यंत पोहोचवणारी दातेरी पट्टी) किंवा सस्पेन्शनचे काम, स्टेअरिंग काढून पुन्हा बसवणे, क्लॉक स्प्रिंग बदलणे, अपघातानंतरची दुरुस्ती, एबीएस युनिट बदलणे आणि काही गाड्यांत नुसते बॅटरीचे टर्मिनल काढणे, या कामांनंतर कॅलिब्रेशन लागू शकते. लक्षणे सहसा ठरावीक असतात: ईएससीचा किंवा स्टेअरिंगचा दिवा पेटून राहतो, चढावर गाडी मागे घरंगळू न देणारी हिल होल्ड बंद पडते किंवा रिव्हर्स कॅमेऱ्यातल्या वळणाऱ्या रेषा चाके सरळ असतानाही एका बाजूला झुकलेल्या दिसतात. हे शेवटचे लक्षण मला फार उपयोगाचे वाटते, कारण ते पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही.

त्यानंतर गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड स्कॅनरवर वाचावा. चॅसीचे कोड ‘सी’ या अक्षराने सुरू होतात. ह्युंदाई आणि किया गाड्यांत सी१२६१ म्हणजे सेन्सर कॅलिब्रेट झालेला नाही. जुन्या फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांत ००७७८ हा क्रमांक याच सेन्सरचा असून त्यांच्या आकृत्यांत तो जी८५ या नावाने दाखवलेला असतो. कॅलिब्रेशन हरवल्याचा कोड आणि विद्युत बिघाडाचा कोड हे वेगळे असतात, म्हणून नुसता क्रमांक न पाहता त्यापुढचे वर्णनही वाचावे.

सेन्सरच खराब झाला आहे का, हे लाइव्ह डेटावरून कळते. स्टेअरिंग अगदी सावकाश, घड्याळाच्या सेकंद काट्यासारखे फिरवावे आणि पडद्यावरचा कोन पाहावा. आकडा सलग चढला-उतरला तर सेन्सर ठीक आहे. तो मध्येच गोठला, दहा-वीस अंशांची उडी मारू लागला किंवा स्टेअरिंग स्थिर असताना नाचू लागला, तर सेन्सर, क्लॉक स्प्रिंग किंवा कनेक्टर यांपैकी कशात तरी दोष आहे आणि कॅलिब्रेशनने तो जाणार नाही. क्लॉक स्प्रिंग बदलण्यासाठी एअरबॅग काढावी लागते. ते काम घरी करू नये.

साहित्य, जागा आणि वेळ

स्कॅनर एबीएस आणि ईएससीपर्यंत पोहोचणारा आणि त्यात स्टेअरिंग अँगल कॅलिब्रेशनची सोय असलेला हवा. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. ते विकत घेऊन निराश होण्यापेक्षा चांगला स्कॅनर एक दिवसासाठी ओळखीच्या मेकॅनिककडून आणलेला बरा. त्याशिवाय हवेचा दाब मोजणारा गेज, मल्टीमीटर, मास्किंग टेप, पेन्सिल, स्टीलची मोजपट्टी, दहा-बारा मीटर न ताणणारी दोरी, पाण्याने भरलेल्या चार कॅन आणि आकडे टिपायला सोबत एक माणूस लागतो.

बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी आतून झिजते आणि व्होल्टेज पडले की कॅलिब्रेशन अर्ध्यावर तुटते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.५ व्होल्ट दिसायला हवेत. इग्निशन बराच वेळ चालू ठेवून काम करायचे असेल तर चार्जर जोडून ठेवावा.

वेळ पहाटेची निवडावी. टायर थंड असतात, त्यामुळे हवेचा दाब खरा कळतो. शिवाय मे महिन्यात नऊ वाजल्यानंतर डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून बंद पडतो, हा माझा अनुभव आहे.

जागेबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण चूक बहुधा येथेच होते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्या बाजूचा उतार बहुतेक वेळा डावीकडेच असतो आणि गाडी सरळ ठेवायला स्टेअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागते. वर्धा रोडवर एकदा जाताना आणि एकदा येताना मोजून सरासरी काढली तरी चूक भरून निघत नाही, कारण दोन्ही वेळा उतार डावीकडेच राहतो. खरा उपाय म्हणजे एकाच पट्ट्यावरून दोन्ही दिशांनी जाणे, आणि ते वाहत्या रस्त्यावर करता येत नाही. आपल्याकडे बेसा किंवा जामठ्याच्या बाजूला घरे उभी राहायची आहेत असे नवे लेआउट आहेत. त्यांच्या आतले सरळ, रिकामे सिमेंट रस्ते सकाळी सहा वाजता या कामासाठी उत्तम. दोन-अडीचशे मीटरचा सरळ तुकडा पुरतो.

चाके आधी, सेन्सर नंतर

चारही टायरमध्ये दाराच्या खांबावरील पट्टीवर छापलेला दाब भरावा. पुढच्या दोन टायरमध्ये तीन-चार पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते. डिकीतले जड सामान काढावे. गाडी ओढतच राहिली तर पुढचे दोन्ही टायर डाव्या-उजव्या बाजूला अदलाबदल करून पाहावे. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा आहे, सेन्सरचा नाही. फिरण्याची दिशा ठरलेले, बाण छापलेले टायर असतील तर हा प्रयोग करू नये.

आता दोरीची तपासणी. गाडीच्या एका बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोन कॅनच्या आधाराने पुढून मागे दोरी ताणावी. मागच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचे अंतर सारखे येईपर्यंत कॅन सरकवाव्यात, म्हणजे दोरी मागच्या चाकाला समांतर होते. दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे. मग स्टेअरिंग मधोमध ठेवून पुढच्या रिमच्या दोन्ही कडांपासून दोरीचे अंतर मोजावे. डाव्या चाकावर जेवढा फरक येतो तेवढाच उजव्या चाकावर आला, तर चाके स्टेअरिंगशी जुळलेली आहेत. एका बाजूला फरक जास्त आला, तर टाय रॉड असमान आहेत. दोरीच्या मर्यादाही लक्षात असाव्यात: रिमवरचा एक मिलिमीटर म्हणजे स्टेअरिंगवरचे दोन ते अडीच अंश होतात, त्यामुळे दोरीने ढोबळ चूक पकडता येते, बारीक चूक रस्त्यावरच कळते.

यापेक्षाही बोलकी तपासणी स्कॅनरवर होते. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग हळूहळू पूर्ण डावीकडे नेऊन कोन लिहावा, मग पूर्ण उजवीकडे नेऊन लिहावा. टोकाला जोर लावून धरून ठेवू नये, मोटर तापते. माझ्या गाडीत डावीकडे ५३० आणि उजवीकडे ५३१ अंश आले. दोन्ही आकडे सारखे, म्हणजे रॅकचा मध्य आणि सेन्सरचा शून्य एकाच ठिकाणी होते, तरीही गाडी सरळ जायला सात अंश उजवीकडे मागत होती. याचा अर्थ सेन्सर खरे सांगत होता आणि टाय रॉडची लांबी चुकलेली होती. याउलट एका बाजूला ५२० आणि दुसऱ्या बाजूला ५४० असे काही आले, तर सेन्सरचा शून्य सरकलेला असतो. अशा वेळी कॅलिब्रेशन हे योग्य औषध ठरते. पण तेव्हा स्टेअरिंगचा आराही वाकडा दिसत असेल, तर ते काढून बसवताना चुकले आहे का, हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे.

टाय रॉडची चूक निघाली तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी आणि दुकानात स्पष्ट सांगावे, की स्टेअरिंग क्लॅम्पने मध्यावर बांधून दोन्ही टाय रॉड जुळवा. एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून एकूण टो (चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बरोबर आणता येतो, पण स्टेअरिंग वाकडेच राहते. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्यावा आणि त्यात पुढच्या डाव्या व उजव्या चाकाचा टो वेगवेगळा पाहावा.

खरा मध्य शोधणे

स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर, मधोमध मास्किंग टेपची दोन बोटे रुंद पट्टी लावावी. दुसरी पट्टी कॉलमच्या न फिरणाऱ्या कव्हरवर, तिच्या समोर लावावी. सुमारे ३७ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर एक अंश म्हणजे जवळजवळ सव्वातीन मिलिमीटर होतात. त्यामुळे पेन्सिलीची बारीक रेघ आणि मोजपट्टी यांवर अर्धा अंशही दिसतो.

आता लेआउटच्या रस्त्यावर मधोमध, ताशी ३० किलोमीटरच्या सम वेगाने गाडी न्यावी. पकड सैल ठेवावी, गाडी ज्या कोनात आपण होऊन सरळ धावते तो कोन स्थिर होऊ द्यावा आणि शेजारच्याने स्कॅनरवरचा आकडा मोठ्याने वाचून टिपून घ्यावा. मग गाडी वळवून त्याच पट्ट्यावरून उलट दिशेने यावे. अशा तीन-तीन फेऱ्या कराव्यात. पहिल्या वेळी माझा धाकटा भाऊ शेजारी होता. एका दिशेने ७.६ आणि उलट दिशेने ६.४ अंश उजवीकडे असे आकडे आले. सरासरी सात, उरलेला ०.६ हा रस्त्याच्या उताराचा वाटा. अलाइनमेंट नव्याने झाल्यावर तीच सरासरी ०.८ वर आली.

माझे मत असे, की सरासरी दोन अंशांच्या आत असेल आणि कोड नसेल तर काहीच करू नये. बहुतेक ईएससी एवढा फरक चालता चालता आपणच भरून काढतात. दोन ते पाच अंश असतील आणि चाकांची तपासणी निर्दोष आली असेल तर कॅलिब्रेशन करावे. त्याहून जास्त असेल आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर चाकांकडे परत जावे. सेन्सरचा शून्य सात अंश सरकवून दिवा विझवण्याचा मोह टाळावा, कारण मग स्टेअरिंग वाकडेच राहते, टायर झिजू शकतात आणि पुढच्या वेळी कोणी अलाइनमेंट नीट केली की सेन्सर पुन्हा चुकीचा ठरतो.

प्रत्यक्ष कॅलिब्रेशन

सपाट जागी शेवटचे दहा-पंधरा मीटर सरळ पुढे चालवत येऊन गाडी थांबवावी. स्टेअरिंग सरासरीने ठरलेल्या कोनावर हलकेच आणून टेपच्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर रेघ मारावी. गाडी उभी राहिल्यावर स्टेअरिंग जागेवर जास्त फिरवू नये. टायरला पीळ बसतो आणि हात सोडताच स्टेअरिंग थोडे मागे येते.

स्कॅनर ओबीडी पोर्टला लावावा. हे सोळा पिनांचे पोर्ट चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली असते. आधीचे सर्व कोड आणि कोन वहीत लिहून ठेवावेत, कारण पुसल्यावर ते परत मिळत नाहीत. एबीएस किंवा ईएससी विभागातल्या विशेष कार्यांत स्टेअरिंग अँगल कॅलिब्रेशन शोधावे. काही गाड्यांत ते पॉवर स्टेअरिंगच्या विभागात असते. जेथे रीसेट आणि कॅलिब्रेशन असे दोन वेगळे पर्याय दिसतात तेथे बहुधा जुना शून्य आधी पुसावा लागतो आणि त्यानंतरच नवा नोंदवता येतो. इंजिन चालू हवे की फक्त इग्निशन, ब्रेक दाबायचा की नाही, हे पडद्यावरच्या सूचनेप्रमाणे करावे. एका गाडीचा क्रम दुसरीला लावू नये. नोंद होत असताना स्टेअरिंगला हात लावू नये, दार उघडू नये, गाडी हलू देऊ नये. ‘यशस्वी’ असा संदेश आला की इग्निशन बंद करून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा चालू करून कोड पुसावेत आणि पट्ट्यांवरच्या रेघा जुळलेल्या असताना कोन शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत आहे, याची खात्री करावी.

त्याच यादीत यॉ सेन्सर, जी सेन्सर आणि टॉर्क सेन्सर यांचेही कॅलिब्रेशन दिसेल. गाडीने मागितले नसेल तर त्यांना हात लावू नये. विशेषतः टॉर्क सेन्सरचा शून्य चुकला तर स्टेअरिंगला मिळणारी मदत एका बाजूला झुकते आणि गाडी स्वतःच वळू पाहते.

स्कॅनरशिवायची रीत काही गाड्यांपुरतीच आहे आणि ती बहुधा बॅटरी काढल्यानंतर लागते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन सुरू करावे, स्टेअरिंग हळूहळू एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला आणि परत मध्यावर आणावे, त्यानंतर ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने थोडे अंतर सरळ जावे; दिवे आपोआप विझतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ही रीत दिली असेल तरच ती वापरावी. दोनदा करूनही दिवा गेला नाही तर तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही; स्कॅनर लागणार, हे समजावे. ओबीडी पोर्टच्या पिना वायरने जोडून शून्य करण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या जातात त्या माझ्या मते घरी करूच नयेत; त्याच पोर्टमध्ये बॅटरीचा थेट प्रवाह असतो आणि एक पिन चुकली तर कंट्रोल युनिट जळू शकते.

पडताळणी

लेआउटच्या त्याच पट्ट्यावर पुन्हा दोन्ही दिशांनी फेऱ्या मारून सरासरी काढावी. ती एका अंशाच्या आत यायला हवी. मग मोकळ्या जागी ताशी २० किलोमीटरने डावीकडे एक आणि उजवीकडे एक पूर्ण गोल फेरी घ्यावी आणि डावी-उजवी चिन्हे उलटी तर नाहीत ना, हे पाहावे. रिव्हर्स टाकून कॅमेऱ्यातल्या रेषा तपासाव्यात. त्यानंतर वीस-पंचवीस किलोमीटर नेहमीच्या रस्त्यांवर चालवून कोड पुन्हा वाचावेत, कारण काही दोष गाडीने वळण घेतल्याशिवाय नोंदवले जात नाहीत. ज्या गाडीत लेन सोडल्याचा इशारा देणारा कॅमेरा आहे, तिच्यात अलाइनमेंटनंतर कॅमेऱ्याचेही कॅलिब्रेशन लागू शकते. ते काम सर्व्हिस सेंटरचे.

कॅलिब्रेशन मध्येच तुटले तर आधी बॅटरीचे व्होल्टेज, मग आधीपासून साठलेला एखादा विद्युत कोड आणि मग एबीएसचा फ्यूज, या क्रमाने पाहावे. ईएससीचा दिवा पेटलेला असतानाही साधे ब्रेक सहसा चालतात, पण घसरण सावरणारी मदत मिळेलच असे नाही. पावसाळ्यात अशी गाडी हायवेवर नेऊ नये.

मी सर्व्हिस पुस्तिकेच्या मागच्या पानावर तारीख, किलोमीटर, दोन्ही टोकांचे कोन, दोन्ही दिशांची सरासरी आणि टायरमधला दाब लिहून ठेवला आहे. पुढच्या वेळी टाय रॉड किंवा टायरचे काम झाले की दुकानातून निघण्यापूर्वीच दोन्ही टोकांचे कोन त्या पानाशी ताडून पाहीन. स्टेअरिंगवरची टेप मात्र त्याच दिवशी काढावी. उन्हात दोन दिवस राहिली की तिचा गोंद कव्हरवर बसतो आणि मग खरवडावा लागतो.